एकच कॉम्पोनंट, हजार रिक्वेस्ट

वेबसाइटवरचं पान मागितलं की सर्व्हरवर एक प्रोग्रॅम सुरू होतो, उत्तर तयार करतो आणि संपतो, असं चित्र बहुतेकांच्या मनात असतं. वेबच्या सुरुवातीच्या वर्षांत ते बऱ्याच अंशी खरंही होतं. सीजीआय पद्धतीत प्रत्येक मागणीसाठी सर्व्हर नवी प्रोसेस सुरू करायचा आणि काम झालं की ती संपायची. आज पुष्कळ ठिकाणी तसं होत नाही. अ‍ॅप्लिकेशन सुरू होताना काही ऑब्जेक्ट एकदाच बनवले जातात, मेमरीत ठेवले जातात, आणि मग येणारी प्रत्येक रिक्वेस्ट त्याच ऑब्जेक्टकडे आपलं काम घेऊन जाते.

मेमरीत मुक्काम ठोकलेला असा ऑब्जेक्ट म्हणजे कॅश केलेला कॉम्पोनंट. तो बनवायला वेळ लागतो. सेटिंग वाचायची असतात, डेटाबेसची ओळख पटवून द्यायची असते, त्याला लागणारे इतर कॉम्पोनंट आणून जोडायचे असतात. हे दर रिक्वेस्टला करण्यापेक्षा एकदा करून ठेवावं, हे कोणालाही पटतं. अडचण पुढे येते. कॉम्पोनंट कायमचा, पण त्याला सांगायचं काम दर वेळी वेगळं. कोणती मेथड बोलवायची हेच कधी आधी ठाऊक नसतं, तर कधी तिला कोणती आर्ग्युमेंट द्यायची हे वापरणाऱ्याने फॉर्ममध्ये काय भरलं यावर ठरतं. वेब प्रोग्रॅमिंगमधल्या सगळ्यात छळणाऱ्या चुका याच सांध्यात दडलेल्या असतात. त्या टाळायच्या तर बदलणारी प्रत्येक गोष्ट आर्ग्युमेंटमधूनच आत गेली पाहिजे आणि काम झाल्यावर कॉम्पोनंटच्या पोटात तिचा अंशही उरता कामा नये, असं माझं ठाम मत आहे.

हे समजून घ्यायला कोल्डफ्यूजन फार उपयोगी पडतं. जे. जे. अलेर आणि जेरेमी अलेर या भावांच्या कंपनीने १९९५ मध्ये ते बाजारात आणलं. २००१ मध्ये मॅक्रोमीडियाने ती कंपनी घेतली आणि २००५ मध्ये मॅक्रोमीडियाच अ‍ॅडोबीकडे गेली. मायस्पेसची सुरुवात कोल्डफ्यूजनवर झाली होती. एचटीएमएलसारखे टॅग लिहून थेट डेटाबेसशी बोलता येत असल्यामुळे, प्रोग्रॅमिंगचं रीतसर शिक्षण नसलेले अनेक जण या भाषेत लिहिते झाले. २००२ च्या कोल्डफ्यूजन एमएक्समध्ये सगळं इंजिन जावावर नव्याने बांधलं गेलं आणि सोबत सीएफसी, म्हणजे कोल्डफ्यूजन कॉम्पोनंट आले. काल एकेक पान लिहिणाऱ्या माणसाच्या हातात आज एकाच वेळी अनेक थ्रेड, म्हणजे समांतर चालणारी कामं, वापरतील असा ऑब्जेक्ट आला. पुढचा बराचसा गोंधळ या एका उडीतून झाला.

कोल्डफ्यूजनमध्ये व्हेरिएबल ज्या जागी राहतं तिला स्कोप म्हणतात. रिक्वेस्ट स्कोप एका मागणीपुरता, सेशन स्कोप एका वापरणाऱ्यापुरता आणि अ‍ॅप्लिकेशन स्कोप सगळ्यांचा मिळून एक. कॉम्पोनंट कॅश करायचा म्हणजे बहुधा याच शेवटच्या स्कोपमध्ये ठेवायचा. २००५ च्या सातव्या आवृत्तीत त्यासाठी ऑनअ‍ॅप्लिकेशनस्टार्ट ही सोयीची मेथड मिळाली. अ‍ॅप्लिकेशन जागं होताना ती एकदा चालते आणि ती पूर्ण होईपर्यंत बाकीच्या रिक्वेस्ट दाराशी थांबवल्या जातात. तीच मेथड कोडमधून हाताने बोलवली तर मात्र हे कुलूप लागत नाही. कोड बदलल्यावर कॅश नव्याने भरण्यासाठी पत्त्यात ‘रीइनिट’सारखा एखादा शब्द जोडायची पद्धत अनेक टीममध्ये असते. तिथे आपलं लॉक आपणच लावावं लागतं. आणि कॅश नव्याने भरणं टळत नाही, कारण मेमरीतला ऑब्जेक्ट जुन्याच कोडचा असतो. ‘फाइल बदलली, सेव्ह केली, तरी पान ढिम्म’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच कारण असतं.

आता बोलवण्याकडे वळू. त्यासाठी सीएफइन्व्होक नावाचा टॅग आहे. त्याला कॉम्पोनंट दोन प्रकारे देता येतो. नाव मजकूर म्हणून दिलं तर टॅग दर वेळी नवा ऑब्जेक्ट बनवतो. अ‍ॅप्लिकेशन स्कोपमधला ऑब्जेक्टच हॅशच्या दोन खुणांमध्ये दिला तर आधी बनवलेला वापरतो. पडद्यावर दोन्हीकडे उत्तर बरोबरच येतं, त्यामुळे कॅश केलेला कॉम्पोनंट मेमरीत बसून राहिलाय आणि प्रत्यक्षात दर रिक्वेस्टला त्याचे नवनवे भाऊ जन्माला येतायत, हे महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

आर्ग्युमेंटचा प्रश्न याहून रंगतदार आहे. पुस्तकांच्या दुकानाचं शोधाचं पान घ्या. लेखक, प्रकाशक, वर्ष, कमाल किंमत असे चार रकाने, आणि एकही भरलाच पाहिजे असं नाही. रिकामे रकाने मेथडला पाठवायचेच नाहीत, म्हणजे तिथे मेथडमध्ये ठरवलेलं डीफॉल्ट लागू व्हावं. चार रकान्यांच्या सोळा शक्यता होतात. प्रत्येकीसाठी वेगळी ओळ लिहीत बसणारे लोकही असतात. त्यावर कोल्डफ्यूजनने दिलेलं उत्तर म्हणजे आर्ग्युमेंटकलेक्शन. आपण एक स्ट्रक्चर तयार करायचं, म्हणजे नावं आणि किमती यांच्या जोड्या. लेखक भरला असेल तर लेखकाची जोडी घालायची, वर्ष भरलं असेल तर वर्षाची. मग ते अख्खं स्ट्रक्चर आर्ग्युमेंटकलेक्शन या नावाने मेथडच्या हवाली करायचं. मेथडच्या आत पोचल्यावर जोड्या सुटतात आणि प्रत्येक किंमत आपापल्या नावाच्या आर्ग्युमेंटमध्ये जाऊन बसते. क्रम पाळायची गरज नाही. एखादं सक्तीचं आर्ग्युमेंट राहिलं किंवा त्याचा प्रकार चुकला तर नेहमीसारखीच एरर येते.

ही कल्पना कोल्डफ्यूजनपुरती नाही. पायथनमध्ये डिक्शनरीपुढे दोन तारका लावून हेच साधतं. पीएचपीमध्ये २०१४ च्या ५.६ आवृत्तीत तीन टिंबं लिहून अ‍ॅरे उलगडायची सोय झाली आणि २०२० च्या ८.० पासून ती आर्ग्युमेंटच्या नावांनिशीही चालू लागली. मला नावानिशी पाठवण्याची पद्धत क्रमाने पाठवण्यापेक्षा कितीतरी भरवशाची वाटते. कॅश केलेल्या कॉम्पोनंटला अनेक पानांवरून बोलवलं जातं. उद्या मेथडमध्ये मधेच एक ऐच्छिक आर्ग्युमेंट वाढलं, तर क्रमावर विसंबलेली सगळी पानं मोडतात आणि नावावर विसंबलेली तशीच चालत राहतात.

आर्ग्युमेंट नीट आत गेली. आता आत काय होतं ते जवळून पाहू.

कॉम्पोनंटमध्ये एक मेथड आहे. ग्राहक क्रमांक घ्यायचा, त्या ग्राहकाच्या ऑर्डर डेटाबेसमधून आणायच्या, बेरीज करायची, परत द्यायची. ऑर्डर आणणाऱ्या क्वेरीचं नाव ‘निकाल’ आहे असं समजू. कोल्डफ्यूजनचा नियम असा की मेथडच्या आत एखादं व्हेरिएबल स्पष्टपणे लोकल म्हणून जाहीर केलं नाही, तर ते मेथडचं न राहता कॉम्पोनंटचं होतं, म्हणजे त्याच्या व्हेरिएबल्स स्कोपमध्ये जाऊन बसतं. रिक्वेस्टपुरता बनलेला ऑब्जेक्ट असेल तर यात काही बिघडत नाही, कारण रिक्वेस्ट संपली की तो ऑब्जेक्टही संपतो. कॅश केलेल्या कॉम्पोनंटमध्ये मात्र ‘निकाल’ सगळ्या जगासाठी एकच होतो. पहिल्या ग्राहकाची क्वेरी होते आणि ‘निकाल’मध्ये त्याच्या ऑर्डर येतात. बेरजेचं लूप सुरू व्हायच्या आत दुसऱ्या थ्रेडवर दुसऱ्या ग्राहकाची क्वेरी पुरी होते आणि ‘निकाल’ त्याच्या ऑर्डरींनी भरून जातो. पहिला थ्रेड लूपमध्ये शिरतो आणि दुसऱ्याच्या ऑर्डरींची बेरीज करून पहिल्याला देतो. एरर येत नाही, लॉगमध्ये नोंद होत नाही, सर्व्हर थांबत नाही. एका माणसाला दुसऱ्याची माहिती दिसते, एवढंच. आणि हा कोड लिहिणारा प्रोग्रॅमर आपल्या मशीनवर एकटा बसून हजार वेळा तपासतो तेव्हा उत्तर हजार वेळा बरोबर येतं.

गावातल्या शिंप्याकडे प्रत्येक कापडाला मापाची चिठ्ठी टाचलेली असते. शिंपी एकच आणि गिऱ्हाइकं अनेक, तरी घोटाळा होत नाही, कारण माप कापडाबरोबर येतं आणि कापडाबरोबरच जातं. तोच शिंपी सगळ्यांची मापं भिंतीवरच्या एका पाटीवर पुसून पुसून लिहू लागला तर काय होईल? आर्ग्युमेंट आणि लोकल व्हेरिएबल म्हणजे कापडाला टाचलेली चिठ्ठी. कॉम्पोनंटचा व्हेरिएबल्स स्कोप म्हणजे ती पाटी.

यावरचा इलाज एका छोट्या शब्दात आहे. व्हेरिएबलच्या आधी ‘व्हार’ लिहायचं. जुन्या आवृत्त्यांत तो मेथडच्या अगदी सुरुवातीलाच लिहावा लागे, त्यामुळे क्वेरी खाली, तिचं ‘व्हार’ वर, आणि मधल्या अंतरात विसर पडायचा. क्वेरीचं नाव, लूपचा निर्देशांक, दुसऱ्या साइटकडून एचटीटीपीने आणलेलं उत्तर, या तीन जागी ‘व्हार’ हमखास राहून जायचं, कारण यातल्या प्रत्येकाचं नाव टॅगच्या आत एका कोपऱ्यात दिलेलं असतं आणि ते व्हेरिएबल आहे असं चटकन वाटत नाही. अशा सुटलेल्या जागा हुडकण्यासाठी व्हारस्कोपर नावाचं साधनही तयार झालं. २००९ च्या नवव्या आवृत्तीत ‘लोकल’ नावाचा खास स्कोप आला आणि ‘व्हार’ मेथडमध्ये कुठेही लिहिता येऊ लागलं. त्यानंतर निष्काळजीपणाला फारशी सबब उरली नाही.

काही जण दुसरा मार्ग धरतात आणि अख्ख्या मेथडभोवती लॉक लावतात. उत्तर बरोबर येतं, पण एका वेळी एकच रिक्वेस्ट आत जाते आणि बाकीच्या रांगेत उभ्या राहतात. वेगासाठी कॅश केलेला कॉम्पोनंट वेगाच्याच आड येतो. लॉक खऱ्या सामायिक गोष्टीसाठी राखून ठेवावं. जी गोष्ट मुळात सामायिक असायलाच नको, तिच्याभोवती कुलूप लावून काय मिळणार?

उलट दिशेनेही गळती होते, आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. कॉम्पोनंटने आपल्याजवळच्या सेटिंगचं एक स्ट्रक्चर बोलवणाऱ्याला परत दिलं. कोल्डफ्यूजनमध्ये स्ट्रक्चर रेफरन्सने जातं, प्रत निघत नाही. पानावरच्या कोडने सहज म्हणून त्यात एक किंमत बदलली, की कॅशमधली मूळ किंमतही बदलते, आणि तीही सगळ्यांसाठी. अ‍ॅडोबीच्या कोल्डफ्यूजनमध्ये अ‍ॅरे मात्र परंपरेने प्रत होऊन जातो, तर त्याच भाषेच्या लुसी या मुक्त-स्रोत इंजिनात तो रेफरन्सने जातो. एका इंजिनावर वर्षानुवर्षं निर्धोक चाललेला कोड दुसऱ्यावर नेला की बिघडू शकतो तो यामुळे. बाहेर देताना ड्युप्लिकेट फंक्शनने पूर्ण प्रत काढून द्यावी हे उत्तम. सेशनमध्ये ठेवलेला कॉम्पोनंट एकाच माणसाचा म्हणून सुरक्षित, हा समजही सोडून द्यावा. तोच माणूस दोन टॅब उघडतो आणि दोन रिक्वेस्ट एकाच वेळी त्याच ऑब्जेक्टवर येऊन धडकतात.

आतापर्यंत मेथडचं नाव आपल्याला ठाऊक होतं असं धरून चाललो. तेच चालू प्रोग्रॅममध्ये ठरणार असेल तर? जुन्या कोडमध्ये यासाठी इव्हॅल्युएट वापरलेलं दिसतं. मेथडचं नाव आणि आर्ग्युमेंट जोडून एक मजकूर तयार करायचा आणि तो कोड म्हणून चालवायचा. हे मला अक्षम्य वाटतं. त्या मजकुरात बाहेरून आलेला एक तुकडा मिसळला, की बाहेरचा माणूस आपल्या सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवू शकतो. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या इक्विफॅक्सवर जो हल्ला झाला, त्याच्या मुळाशी याच जातीचा दोष होता. जावाच्या स्ट्रट्स फ्रेमवर्कमध्ये रिक्वेस्टच्या हेडरमध्ये आलेला मजकूर सूत्र म्हणून चालवला जात होता. दुरुस्ती मार्चमध्ये उपलब्ध झाली होती, पण ती वेळेवर बसवली गेली नाही, आणि सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती बाहेर गेली.

सरळ रस्ता हाताशी असताना या वाटेला जाण्याचं कारणच नाही. सीएफइन्व्होकला मेथडचं नाव व्हेरिएबलमधून देता येतं. २०१२ च्या दहाव्या आवृत्तीपासून इन्व्होक हे फंक्शनही आहे. ऑब्जेक्ट, मेथडचं नाव आणि आर्ग्युमेंटचं स्ट्रक्चर दिलं की काम होतं. यात नाव हे नावच राहतं, त्याचा कोड होत नाही. मेथड ऑब्जेक्टमधून काढून वेगळ्या व्हेरिएबलमध्ये घ्यायची आणि मग बोलवायची, ही युक्ती मात्र फसवी आहे. अशी सुटी झालेली मेथड आपल्या कॉम्पोनंटचं घर विसरते आणि बोलवणाऱ्या पानाचे व्हेरिएबल आपले समजू लागते. जावास्क्रिप्टमध्ये ‘धिस’ हरवतो तो जवळपास असाच.

नाव कोड होत नाही म्हणून सगळं निभावलं असंही नाही. कोल्डफ्यूजनमध्ये मेथडला प्रायव्हेट, पॅकेज, पब्लिक आणि रिमोट असे चार दर्जे देता येतात. रिमोट मेथड ब्राउझरमधून थेट पत्ता टाकून बोलवता येते, पण तेव्हा कॅशमधला ऑब्जेक्ट वापरला जात नाही, दर वेळी नवा बनतो. म्हणून लोक मध्ये एक दर्शनी कॉम्पोनंट उभा करतात. त्यात एकच रिमोट मेथड असते. ती पत्त्यातून आलेलं मेथडचं नाव आणि आर्ग्युमेंट घेते आणि अ‍ॅप्लिकेशन स्कोपमधल्या कॉम्पोनंटला इन्व्होक करते. हा कोड लिहायला काही ओळी पुरतात आणि दिसतोही देखणा. पण आता कॅश केलेल्या कॉम्पोनंटची प्रत्येक पब्लिक मेथड ब्राउझरपर्यंत पोचली. ‘ग्राहक शोध’ जितकी सहज चालते तितकीच ‘ग्राहक काढून टाक’ही. पब्लिक आणि रिमोट यांच्यामधली भिंत त्या दर्शनी मेथडने पाडलेली असते. म्हणून बाहेरून आलेलं नाव आधी परवानगीच्या यादीत शोधायचं आणि नसेल तर तिथेच परतवायचं. मेथडवर आपली एखादी खूण लिहून ती मेटाडेटामधून वाचायची पद्धतही चांगली, कारण परवानगी मेथडजवळच लिहिलेली राहते.

आर्ग्युमेंटच्या बाबतीतही तोच सावधपणा हवा. सगळा फॉर्मच आर्ग्युमेंटकलेक्शन म्हणून पाठवून दिला की एका ओळीत काम होतं, आणि मेथडने न मागितलेली नावंही आत जाऊन बसतात. रूबी ऑन रेल्समध्ये याच्या जवळच्या सवयीने काय होऊ शकतं ते मार्च २०१२ मध्ये दिसलं. एका तरुण रशियन प्रोग्रॅमरने फॉर्मबरोबर एक जादा रकाना पाठवला आणि गिटहबवरच्या रेल्स प्रकल्पात स्वतःची की घुसवून दाखवली. पुढे रेल्सच्या चौथ्या आवृत्तीत कोणती नावं आत घ्यायची हे आधी लिहून देण्याची पद्धत रूढ झाली. आपलं स्ट्रक्चर आपण एकेक जोडी घालून बांधायचं ते यासाठीच.

कोल्डफ्यूजन आता कमी ठिकाणी उरलं असेल, पण हा प्रश्न उलट पसरतो आहे. जावाच्या सर्व्हलेटचा एकच ऑब्जेक्ट सगळ्या रिक्वेस्ट सांभाळतो आणि स्प्रिंगमधली बीनही न सांगता एकुलती एक असते. पीएचपीवाले बरीच वर्षं निश्चिंत होते, कारण तिथे प्रत्येक रिक्वेस्ट कोऱ्या पाटीने सुरू व्हायची. स्वूल आणि २०२१ मध्ये आलेलं लाराव्हेल ऑक्टेन यांनी अ‍ॅप्लिकेशन मेमरीत टिकवून ठेवायला सुरुवात केली, आणि तीच काळजी त्यांच्याही वाट्याला आली. नोड जेएसमध्ये जावास्क्रिप्ट एकाच थ्रेडवर चालतं, तरी सुटका नाही. ‘अवेट’पाशी एक रिक्वेस्ट थांबली की दुसरी चालू लागते आणि मॉड्यूलच्या पातळीवरचं व्हेरिएबल बदलून जाते. २० मार्च २०२३ ला चॅटजीपीटीच्या काही वापरणाऱ्यांना दुसऱ्यांच्या संभाषणांची शीर्षकं दिसली, त्यामागेही सामायिक वस्तूच होती. रेडिस या मेमरीतल्या डेटा-साठ्याशी बोलणारी कनेक्शनं रिक्वेस्टमध्ये वाटून वापरली जात. एखादी रिक्वेस्ट नेमक्या वेळी रद्द झाली तर तिचं उत्तर कनेक्शनमध्ये तसंच पडून राहायचं आणि त्या कनेक्शनवर येणाऱ्या पुढच्याच्या पदरात पडायचं.

अशी गळती आपल्या कोडमध्ये आहे का हे तपासायला मोठी यंत्रणा लागत नाही. मेथडमध्ये क्वेरी आणि बेरीज यांच्या मधोमध पाच सेकंदांचा स्लीप टाका. दोन वेगळे ब्राउझर उघडा. एकाच ब्राउझरचे दोन टॅब नकोत, कारण तोच पत्ता दोनदा मागितला तर काही ब्राउझर दुसरी मागणी पहिली संपेपर्यंत रोखून धरतात. एकात एका ग्राहकाचा क्रमांक टाकून पान मागवा, आणि ते फिरत असतानाच दुसऱ्यात दुसऱ्या ग्राहकाचं. ‘व्हार’ लिहायचं राहिलं असेल तर दोन्ही पडद्यांवर दुसऱ्याच ग्राहकाची बेरीज येईल. ते लिहा, कॅश नव्याने भरा, पुन्हा पाहा. मग त्याच बैठकीत दर्शनी मेथडला यादीत नसलेल्या एखाद्या पब्लिक मेथडचं नाव पाठवा आणि फॉर्मबरोबर कोणी न मागितलेला एक रकाना. दोन्ही परत आले पाहिजेत. आणि निघण्यापूर्वी तो स्लीप आठवणीने काढा.